चेसिस नसलेल्या गाडीला जॅक

भाच्या, गाडीची पूजा झाली, पेढे वाटून झाले, आता डिकी उघड आणि जॅक बाहेर काढ. ऊन आहे, चारही चाकं धड आहेत, तोवर एकदा जॅक लावून चाक जमिनीपासून सुटं कर आणि परत खाली घे. जॅक हातात धरायची पहिली वेळ भर पावसात, रात्री, घोटीहून भंडारदऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर येऊ नये. तिकडे डांबर संपलं की हातभर साईडपट्टी आणि लगेच भाताचं खाचर. पावसाळ्यात कळसूबाईला निघालेल्या मुंबईच्या गाड्या तिथे एका अंगावर कललेल्या दिसतात, आणि शेजारी पोरं मोबाईलच्या उजेडात गाडीचं पुस्तक चाळत असतात.

आपल्या गावाला जॅक काही नवा नाही. मुंबई-आग्रा रस्ता उशाशी, खाली कसाऱ्याचा घाट. घाट चढून आलेल्या ट्रकला काही ना काही काम निघायचंच, त्यामुळे घोटी-इगतपुरीच्या पोरांनी बाराखडीच्या आधी पाने ओळखले. मी उस्तादांच्या हाताखाली शिकलो ते ट्रक आणि जीपवर. ट्रकला चेसिस, जीपला चेसिस, पुढे नाशकात बनू लागलेल्या बोलेरो-स्कॉर्पिओलाही चेसिस. वाकून बघायचं, ॲक्सल दिसला की त्याखाली बाटली जॅक सारायचा आणि दांडा मारायचा. फार विचार करावा लागत नसे.

मग मारुती आली. डिसेंबर १९८३मध्ये दिल्लीकडे पहिली ८०० निघाली, आपल्याकडे दिसायला आणखी थोडा काळ गेला. तिच्याखाली वाकून चेसिस शोधणाऱ्या क्लीनरला काही सापडेना, कारण ती नव्हतीच. तुझी वॅगन-आर त्याच जातीची. अशा गाडीत बॉडी हीच चेसिस. सगळं बळ कडांना, दुमडींना, उंबऱ्याच्या पोकळ पेटीला. मधला फ्लोअरचा पत्रा एक मिलीमीटरहूनही पातळ. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचंच घे. भरलेला डबा कडेला धरून उचलता येतो, पण मधोमध अंगठा दाबला की खळगा पडतो. त्या काळात बाटली जॅकने फ्लोअर वर ढकललेल्या मारुत्या गॅरेजला बऱ्याच यायच्या, आणि अजून येतात.

असं का होतं ते नीट समजून घे, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. दाराच्या उंबऱ्याखाली हात घाल. पत्र्याची एक उभी पट्टी खाली लोंबते. दोन-तीन पत्रे एकावर एक दाबून ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेली असते ती. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे त्या पट्टीत दोन-दोन खाचा बोटाला लागतील. त्या दोन खाचांमधली जागा जॅकची. तिथे आतून जादा पत्रा दिलेला असतो. गाडीसोबत आलेल्या कात्री जॅकच्या डोक्यावर चीर असते. पट्टी त्या चिरेत बसली पाहिजे, म्हणजे वजन पट्टीच्या दोन्ही बाजूंनी उंबऱ्यावर जातं. आता टायर पूर्ण बसलेलं आहे असं धर. गाडी खाली आलेली असते, आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा बाटली जॅक तर उभाच अर्ध्या फुटाच्या वर असतो, तो पट्टीखाली जात नाही. मग माणूस काय करतो? जिथे मावतो तिथे सारतो. पट्टीच्या आत फ्लोअर दोन बोटं उंच असतं, तिथे जॅक मावतो. दांडा मारला की गाडी उचलतेय असं वाटतं. प्रत्यक्षात पत्रा वर येत असतो. म्हणून दुसऱ्याचा जॅक पट्टीखाली मावत नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठव, आणि स्वतःचा कात्री जॅक कितीही चिडका असला तरी तोच फिरव.

गॅरेजात चाकांचा ट्रॉली जॅक असतो. त्याचं डोकं सपाट आणि लोखंडी, चीर नसते. तो थेट पट्टीखाली लावला की सगळं वजन पट्टीच्या धारेवर येतं आणि पट्टी आडवी होते. मधे चीर पाडलेला रबरी ठोकळा ठेवायचा. बाजारात तयार मिळतो, पण आपल्या गावात भाताच्या गिरण्या आहेत, तिथे झिजून काढलेला जाड पट्टा मिळतो. त्याचे चौकोनी तुकडे कापून दोन-तीन थर एकमेकांवर चिकटव, वरच्या थरांत पट्टीपुरती फट ठेव. मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय. नुसती लाकडी फळी मात्र पट्टीखाली देऊ नकोस. पट्टी लाकूड उभं चिरते आणि गाडी अर्धवट वर असताना फळीचे दोन तुकडे होतात.

ऑइलच्या चेंबरखाली, गिअरबॉक्सखाली, सायलेन्सरखाली आणि रेडिएटरच्या खालच्या पट्टीला जॅक लावायचा नसतो हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

आता जमीन. आपला मुरूम उन्हाळ्यात दगडासारखा वाटतो आणि पावसात त्याचं पीठ होतं. जॅकचा तळ तळहाताएवढा, त्यावर तीन-साडेतीनशे किलो वजन. तो खाली रुतताना सरळ रुतत नाही, एका बाजूने रुततो, आणि जॅक कलतो. डिकीत फूटभर लांब-रुंद, दोन बोटं जाड फळी कायम ठेव. साग असेल तर ठीक, पण बाभळीची मिळाली तर तीच घे. ट्रॉली जॅक मात्र मातीवर वापरूच नये, फळीवर ठेवूनही. गाडी वर जाताना सरळ वर जात नाही, दुसऱ्या बाजूच्या चाकांवर किंचित फिरत जाते. त्या हालचालीबरोबर ट्रॉलीलाही सरकता आलं पाहिजे. मातीत चाकं रुतली की ती सरकत नाही, मग जॅकच्या डोक्यावरून गाडी सरकते.

उतारावर जॅक लावू नकोस. कसाऱ्यात पंक्चर झालं तर टायरचा मोह सोड आणि सपाट जागा येईपर्यंत चालण्याच्या वेगाने गाडी ने. टायर फाटेल, रिमही वाकेल. त्या गोष्टी बाजारात मिळतात.

चाकं अडवण्याचं बहुतेकांना अर्धंच माहीत असतं. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, झालं, असं म्हणतात. तुझ्या गाडीची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. पुढचं एक चाक हवेत गेलं की गिअर निकामी, कारण डिफरन्शियल त्या मोकळ्या चाकाला फिरू देतं आणि जमिनीवरचं दुसरं चाकही गडगडायला मोकळं होतं. मग गाडी फक्त हँडब्रेकवर. मागचं चाक उचललं तर हँडब्रेकचं अर्धं बळ हवेत. म्हणून हँडब्रेक ओढ, गिअरही टाक, आणि ज्या चाकाचं काम आहे त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून आणि मागून दगड लाव. गोटा चालत नाही, कडा असलेला दगड शोध किंवा लाकडाची पाचर ठेव. आणि काम झालं की दगड उचलून रस्त्याच्या पार बाहेर टाक. घाटात ट्रकवाले ते तसेच टाकून जातात, आणि रात्री मोटरसायकलवाल्याचं पुढचं चाक त्यावर चढतं. या एका गोष्टीवरून मी आपल्याच धंद्यातल्या लोकांशी आयुष्यभर भांडलो.

माणसं खाली उतरव, मागे झोपलेल्या आजींनाही. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल कर. चाक हवेत गेल्यावर पान्याला झटका दिलास की तो झटका जॅकला बसतो. चाक काढण्याआधी स्टेपनी उंबऱ्याखाली आडवी सरकव. जॅक सुटलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, ब्रेकच्या चकतीवर किंवा तुझ्या हातावर नाही. मग चाकांची अदलाबदल कर, निघालेलं चाक तिथे ठेव. नट आवळताना एकाआड एक, हाताने बसवून मग पान्याने, आणि शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर. पान्यावर उभं राहून उड्या मारणारे पुष्कळ आहेत. त्याने आटे जातात आणि पुढच्या पंक्चरला तोच नट जागचा हलत नाही. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की एकदा पुन्हा पाना लावून बघ.

गाडीखाली जायचं असेल तर गोष्ट वेगळी. उस्ताद म्हणायचे, जॅक चढवतो आणि घोडी धरते. घोडी म्हणजे पिन लागणारं लोखंडी स्टँड. ती जोडीने घे, सपाट सिमेंटवर ठेव, पिन पूर्ण आरपार गेलीय का बघ, मग जॅक हळूहळू सोडून वजन घोडीवर घे. त्यानंतर बाहेर उभं राहून गाडीला खांद्याने चांगला धक्का दे. हलायची असेल तर तू बाहेर असताना हलू दे. हायड्रॉलिक जॅकचा सील कधी सुटेल याचा भरवसा नसतो. कधी तो तासाभरात बोटभर उतरतो, कधी एका दमात. आणि विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक गाडीखाली मला दिसता कामा नयेत. लाकूड तुटण्याआधी करकरतं, वीट आवाज न करता फुटते.

समृद्धी महामार्गावर जाशील, कारण भरवीरचा रस्ता आता आपल्या दाराशी आहे. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. तिथे १२०च्या वेगाने गाड्या जातात. उजव्या बाजूचं चाक बदलायला बसलास तर तुझी पाठ त्या गाड्यांच्या वाटेत येते. डावीकडे जितकं घेता येईल तितकं घे, त्रिकोण बराच मागे ठेव, सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं कर आणि मदतीला फोन लाव; राष्ट्रीय महामार्गावर त्यासाठी १०३३ आहे. आणखी एक. ऑक्टोबर २०२०पासून काही नव्या गाड्यांना ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा आहे. मित्राची गाडी घेऊन निघालास तर आधी डिकी उघडून बघ.

तुझ्या शेजाऱ्याची विजेवरची गाडी आहे. तिच्या फ्लोअरखाली सगळी बॅटरीच असते. तिला पुस्तकात दाखवलेल्या चार जागा सोडून कुठेही जॅक लागला तर ठोकापिटी करायला कुणाला बोलावू नको, सरळ कंपनीच्या वर्कशॉपला पाठव.

पोर्चमधल्या टाइल्सचंही सांगून टाकतो, नाहीतर तुझी आई मला बोल लावेल. घोडीचा पाय लहान असतो, आणि टाइलखाली मसाला पोकळ राहिला असेल तर ती तडकते. शहाबादी फरशीचंही तेच. आधी चावीने ठोकून बघ, पोकळ वाजली तर तिथे घोडी नाही. बाकी ठिकाणीही खाली फळी. तडकलीच तर तेवढी एक टाइल छिन्नीने मधून फोडून कडेकडे काढ, खालचा भुसभुशीत मसाला खरवड, एकास चार सिमेंट-वाळू भरून नवी बसव, आणि आठवडाभर तिथे गाडी नेऊ नको.

आता बिघडलेल्या पत्र्याचं. तू सावध राहशील, पण पंक्चरवाल्याकडचा पोरगा राहील असं नाही. पावसाळ्यात गाडीत शिरताना कुबट वास आला, पायाखालचं कार्पेट दाबल्यावर पाणी आलं, तर लोक एसीला दोष देतात. मी आधी विचारतो, उन्हाळ्यात पंक्चर कुठे काढलं? फ्लोअरला जागोजागी गोल भोकं असतात, त्यात रबरी बुचं. फ्लोअर वर ढकललं गेलं की बूच निसटतं किंवा जोडावरचं सीलर फाटतं, आणि पहिल्या पावसापर्यंत कुणाला पत्ता नसतो.

पहिलं काम खालून बघायचं. गाडी दोन घोड्यांवर घे, हातात टॉर्च घे आणि पुढून मागे जाणाऱ्या नळ्या डोळ्याने आणि बोटाने तपास. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, आणि तुझ्या गाडीला सीएनजीचीही. त्या नळीत २०० बारच्या आसपास दाब असतो. ती चेपलेली, मुडपलेली किंवा नुसती घासलेली दिसली तरी टाकीचा व्हॉल्व्ह बंद कर आणि सीएनजीवाल्याकडेच ने. ब्रेकची नळी चेपली असेल तर गाडी हलवायचीच नाही. नळ्या ठीक असतील तर दारं उघडून-लावून बघ. दार आधीसारखं बसतंय ना, फट वरखाली सारखीच आहे ना? फट बदलली असेल, किंवा सीटचे नाहीतर पट्ट्याचे बोल्ट जिथे धरलेत तिथला पत्रा गेला असेल, तर हे घरचं काम नाही. डेंटरकडे ओढायचं मशीन असतं, तिथे जा.

नुसता खळगा असेल तर बस कामाला. बॅटरीची निगेटिव्ह काढ आणि थोडा वेळ थांब, कारण सीटखाली वायरचं कनेक्टर असतं. पिवळं असेल तर ते एअरबॅगचं. मग सीट काढ, दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचक, कार्पेट वर कर. खाली काळी डांबरी शीट चिकटवलेली दिसेल. खळग्यावर ती फुटली असेल तेवढीच गरम हवेने मऊ करून काढ. आता आतून खाली ठोकायचं. घणाने थेट ठोकलास तर पत्र्याला घणाचे डाग पडतील, आणि खळग्याच्या मधोमध ठोकलास तर पत्रा ताणून बसेल आणि पाय ठेवला की पुढे कायम टक्-टक् वाजेल. लाकडी ठोकळा ठेव, कडेपासून सुरुवात कर, गोल गोल मधे ये. एकदम जोर नको, पुष्कळ हलके ठोके. खालून वाळूच्या पिशवीचा टेकू दिला तर पत्रा फार खाली जात नाही. आणि ठोकत असताना खाली कुणी नको, हे लक्षात ठेव. फ्लोअरला मुद्दाम पाडलेल्या पन्हाळी असतात, त्याच त्याला ताठ ठेवतात. त्या सपाट करू नकोस. सगळं नव्यासारखं झालं पाहिजे असा हट्टही नको. थोडा उंचवटा राहिला तर कार्पेटखाली कुणाला दिसतोय!

आडवी झालेली पट्टी सरळ करताना दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी पट्ट्या लावून क्लॅम्प आवळ आणि थोडी थोडी उभी कर. पकडीने टोक धरून मुरगाळलीस तर ती फाटते. तापवू तर मुळीच नको.

खरं काम त्यानंतरचं आहे, आणि तेच लोक टाळतात. ठोकलेल्या पत्र्यावरचा रंग खालून आणि आतून दोन्हीकडे तडकलेला असतो, डोळ्याला दिसो न दिसो. अंधार पडल्यावर गाडीखाली दिवा ठेव आणि आतून बघ. सुईएवढं छिद्रही चमकतं. सुटलेलं कोटिंग खरवड, तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा येईपर्यंत घास, थिनरच्या फडक्याने पूस, मग एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, आणि सगळ्यात शेवटी खालून अंडरकोटिंग. प्रत्येक थर पुरता वाळू दे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उशीचा अभ्राही वाळत नाही, तिथे प्रायमर काय वाळणार? ओलसर पत्र्यावर कोटिंग मारलं की पाणी आत कोंडतं आणि गंज बाहेरून न दिसता पत्रा खातो. म्हणून हे काम मृग लागायच्या आत नाहीतर दिवाळीनंतर. भर पावसात खळगा पडला तर घासून, पुसून ग्रीस चोपड आणि दिवाळीची वाट बघ.

जुने जीपवाले खालून जळकं ऑइल मारायचे. पत्रा टिकायचा, खोटं नाही. पण त्याने रबरी बुशं फुगतात आणि पहिल्या पावसात ते सगळं खाचरात उतरतं. आता ते करू नये.

भोक पडलंच असेल तर लांबी भरून, रंग मारून देणारा डेंटर भेटेल, स्वस्तही सांगेल. त्याच्याकडून उठ. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि तेवढ्या मापाचा तुकडा वेल्ड करायचा, ठिपक्याठिपक्याने, जागा बदलत, म्हणजे पत्रा तापून वेडावाकडा होत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सुटलेल्या हव्यात, कार्पेट आणि डांबरी शीट हातभर लांब हवी, पेट्रोलची नळी कुठून जाते हे वेल्डरला तू स्वतः दाखवलेलं हवं, आणि पाण्याची बादली व आग विझवायचा सिलिंडर हाताशी. वेल्डिंग झाल्यावर अर्धा तास तिथून हलू नको. शीट आतल्या आत धुमसते.

सीट बसवून बॅटरी जोडलीस की चावी फिरव. एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, न विझल्यास वर्कशॉप. कार्पेट मात्र लगेच चिकटवू नको. सर्व्हिसिंगवाल्याला खालून पाण्याचा जोरदार फवारा मारायला सांग आणि आत पत्र्यावर वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेव. कागदावर ओला ठिपका दिसला तर गळती कुठली ते तिथेच कळतं. तेवढं सीलर खरवड, वाळव, पुन्हा लाव आणि पुन्हा फवारा मार.